शेवंडीचें कवच व क्षयाचें औषध

डोंबिवली व तिच्या आसपास राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस रसायनशास्त्राचा परिचय नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. तो त्यांस नको तितका घडलेला आहे. औद्योगिक वसाहतीवरून येणारा वारा कोणत्या दिवशीं काय घेऊन येतो हें तेथील शाळकरी पोरांसही कळतें, आणि इ. स. २०१६ व २०२४ या दोन्ही सालीं मे महिन्यांत झालेल्या स्फोटांनीं हा परिचय किती महाग पडूं शकतो हेंही दाखवून दिलें. अशा गांवीं ‘रसायन’ या शब्दाविषयीं लोकांच्या मनांत धास्ती असेल तर त्यांत नवल तें काय? ती धास्ती निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एखाद्या विद्येची पारख केवळ तिच्या धुराड्यावरून करणें म्हणजे स्वयंपाकाची पारख चुलीच्या धुरावरून करण्यासारखें आहे. या विद्येची दुसरी बाजू दाखविणारी एक हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. ती एका साखरेची आहे. तिचा आरंभ शेवंडीच्या कवचांत झाला, तिचा एक करुण धागा शेजारच्या कल्याणांत गुंतलेला आहे, आणि तिचें एक प्रकरण बोरघाटापलीकडे पिंपरीस लिहिलें गेलें.

शेवंड, खेकडा, कोळंबी यांचें कवच ज्या चिवट द्रव्याच्या आधारानें उभें असतें त्यास कायटीन म्हणतात. तेंच द्रव्य झुरळाच्या अंगावर व अळंबीच्या पेशींच्या भिंतींतही असतें. फ्रान्समध्यें ब्राकोनो यानें इ. स. १८११ मध्यें तें अळंब्यांतून वेगळें काढलें, व ओदिये यानें १८२३ मध्यें कीटकांच्या पंखांवरील ढालींतून काढून त्यास ‘कायटीन’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंगरखा असा आहे. ठाणें-कल्याणच्या खाडीकांठीं कोळंबी सोलून झाल्यावर जो टरफलांचा ढीग उरतो व ज्याकडे पाहून आपण नाकास पदर लावतों, तो या अंगरख्यांचाच ढीग होय.

इ. स. १८७६ मध्यें स्ट्रासबर्ग येथें होप्पे-झायलर या प्रसिद्ध रसायनवेत्त्याच्या प्रयोगशाळेंत गेओर्ग लेडरहोज नांवाचा एक तरुण विद्यार्थी काम करीत होता. त्यानें शेवंडीचीं कवचें तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लांत उकळलीं. द्रव आटवितां तळाशीं स्फटिक जमले. ते तपासून पाहतां साखरेप्रमाणें वागणारा, परंतु ज्यांत नत्र आहे असा एक नवाच पदार्थ हातीं आला. आज त्यास ग्लुकोसामीन म्हणतात. अमिनो शर्करा म्हणून जें एक मोठें कुल पुढें उदयास आलें, त्यांतील ही पहिली ओळखलेली शर्करा.

तिची रचना समजण्यास अवघड नाहीं. द्राक्षांत, मधांत व आपल्या रक्तांत जी ग्लुकोज नांवाची साखर असते, तिच्या रेणूंत सहा कर्बाणूंची सांखळी असते. त्यांपैकीं दुसऱ्या कर्बाणूवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जी जोडी असते ती काढून तेथें एक नत्राणु व दोन हायड्रोजन बसविले कीं ग्लुकोसामीन झालें. बदल एवढाच, पण स्वभाव पालटतो. साधी साखर आम्लाकडे तटस्थपणें पाहते. ही आम्लास धरून ठेवते व त्याचें लवण बनविते. मोकळ्या स्थितींत ती फार काळ टिकत नाहीं, म्हणून प्रयोगशाळेंत ती अशा पांढऱ्या, पाण्यांत सहज विरघळणाऱ्या लवणाच्या रूपानेंच ठेवतात. उलट तिच्या नत्राणूवर शिरक्यांतील आम्लाचा अंश चढवून अशा हजारों शर्करा एकीस एक जोडल्या, तर पाण्यास दाद न देणारें कायटीन तयार होतें. एकटी असतां पाण्यांत विरून जाणारी व मेळ जमला कीं चिलखत होणारी अशी ही वस्तु आहे. तिचे सर्व अणु अवकाशांत नेमके कसे मांडलेले आहेत याचा अखेरचा निर्णय मात्र हॅवर्थ या इंग्रज रसायनवेत्त्यानें १९३९ मध्यें केला. म्हणजे एका साखरेचा चेहरा नीट दिसण्यास विद्वानांस ६३ वर्षें लागलीं!

लेडरहोजनें हा पदार्थ शोधला त्या वेळीं त्याचा उपयोग काय, असें कोणी विचारलें असतें तर त्यास उत्तर देतां आलें नसतें. आतां त्याच सालीं आमच्या बाजूस काय स्थिति होती तें पाहूं. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना नांवाची मुलगी त्या वर्षीं अकरा वर्षांची झाली होती, व गोपाळराव जोशी या टपाल खात्यांतील गृहस्थांशीं तिचा विवाह होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. सासरीं तिचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. याच डॉक्टर आनंदीबाई जोशी. इ. स. १८८३ मध्यें त्या एकट्या अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं पदवी मिळविली. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले या स्वतः रसायनशास्त्र शिकवीत असत. आनंदीबाई जाण्यापूर्वीं एकच वर्ष आधीं, २४ मार्च १८८२ रोजीं, रॉबर्ट कोख यानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें होतें. ज्या रोगानें त्यांस पुढें गांठलें त्याचें कारण त्यांच्या विद्यार्थिदशेंतच जगास कळलेलें होतें. पण कारण कळलें म्हणून उपाय कळला असें नव्हे. हवापालट, दूध, विश्रांति आणि धीर, याहून अधिक देण्यासारखें पूर्वेकडील किंवा पश्चिमेकडील कोणत्याही वैद्याजवळ नव्हतें. इ. स. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

त्या दिवशीं जगाच्या ज्ञानभांडारांत दोन गोष्टी निरनिराळ्या कप्प्यांत पडून होत्या. एकांत कोखचा जंतु होता. दुसऱ्यांत लेडरहोजचे पांढरे स्फटिक होते. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या स्वप्नींही आलें नाहीं. यास्तव त्या काळच्या विद्वानांस दोष देणें अन्यायाचें होईल. मधला रस्ता तयार व्हावयाचा होता, व तो घाईनें होण्यासारखा नव्हता. घाई करून काय होतें याचा दाखला खुद्द कोखनेंच घालून दिला. इ. स. १८९० मध्यें त्यानें ट्युबरक्युलिन हें क्षयावरील औषध म्हणून पुढें आणलें. हजारों रोगी आशेनें धांवले, आणि तें औषध नव्हे असें लौकरच सिद्ध झालें.

दरम्यान या शर्करेचे नातेवाईक जागोजाग सांपडूं लागले. आपल्या सांध्यांतील वंगणांत, कूर्चेंत, डोळ्याच्या आंतील द्रवांत त्या आहेतच. रक्ताचा ‘अ’ गट व ‘ब’ गट यांत जो भेद आहे, तोही पेशीवरील एका सांखळीच्या टोंकाशीं अमिनो शर्करा आहे कीं साधी शर्करा आहे एवढ्यावरच अवलंबून आहे. एवढ्याशा फरकामुळें एकाचें रक्त दुसऱ्यास घातक होतें. सूक्ष्मजंतूंच्या अंगाभोंवतींची भिंतही दोन अमिनो शर्करा एकाआड एक गुंफून बनलेली असते. आपल्या अश्रूंत लायसोझाइम नांवाचें जें द्रव्य फ्लेमिंगनें ओळखलें, तें याच गुंफणीचे टांके उसवितें.

येथें एक गोष्ट बजावून ठेवणें बरें. गुडघेदुखीवर म्हणून ग्लुकोसामीनच्या गोळ्या आज अनेक घरांत येतात. त्या बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून केलेल्या असतात, हें शाकाहारी घरांतील पुष्कळांस ठाऊकही नसतें. कूर्चेंत ही शर्करा असते, म्हणून ती पोटांत घेतल्यानें कूर्चा भरून येईल, असा हा सरळ तर्क आहे. परंतु अमेरिकेंत १५८३ रोग्यांवर केलेल्या व २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत, सर्व रोग्यांचा एकत्र विचार करतां, या गोळ्या औषधहीन गोळ्यांपेक्षां विशेष सरस ठरल्या नाहींत. तर्क सरळ असला म्हणजे तो खरा असतोच असें नाहीं.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १९ ऑक्टोबर १९४३ रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत रटगर्स विद्यापीठांत सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या आल्बर्ट शॅट्झ या २३ वर्षांच्या तरुणानें मातींतील एका सूक्ष्मजीवापासून एक नवें जंतुनाशक द्रव्य मिळविलें. तेंच स्ट्रेप्टोमायसीन. पेनिसिलीनपुढें न नमणारा क्षयाचा जंतु यापुढें नमला. पुढें रसायनवेत्त्यांनीं त्या रेणूचे भाग सोडवून पाहिले, तेव्हां त्याचे तीन तुकडे निघाले, आणि त्यांतील एक तुकडा ग्लुकोसामीनचा भाऊबंद निघाला! भाऊबंद म्हणण्याचें कारण असें कीं, तो नेहमींच्या ग्लुकोसामीनची आरशांतील प्रतिमा आहे. उजव्या हाताशीं डाव्या हाताचें जें नातें तेंच या दोहोंचें. शिवाय त्याच्या नत्राणूवर एक लहानसा कर्बयुक्त गट चढलेला असतो. लेडरहोजच्या स्फटिकांपासून येथवर ६७ वर्षें झालीं होतीं. आनंदीबाईंच्या मृत्यूस ५६.

या शोधाच्या श्रेयाचा इतिहास मात्र तितका गोड नाहीं. कीर्ति वॅक्समन यांच्याकडे गेली. शॅट्झ यानें १९५० मध्यें न्यायालयांत दाद मागितली, व त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या तडजोडीनें तो सहसंशोधक म्हणून मान्य झाला. तरी १९५२ चें नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांसच मिळालें. शेवंडीचें चिलखत सोलणें सोपें, परंतु मोठेपणाचें चिलखत सोलणें कठीण, असें म्हणावेंसें वाटतें.

औषधाची खरी परीक्षा इंग्लंडांत झाली. महायुद्धानंतर तेथें औषध थोडें व रोगी फार अशी स्थिति होती. तेव्हां कोणास द्यावें हें वशिल्यानें न ठरवितां सोडतीनें ठरवावें, आणि दोन्ही गटांची तुलना करावी, असें ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानें ठरलें. १०७ रोगी घेतले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकीं १४. एवढ्यावर थांबलें असतें तर विजयाचे नगारेच वाजले असते. पण पांच वर्षांनीं पुन्हां मोजदाद केली, तेव्हां पहिल्या गटांतील ३२ व दुसऱ्यांतील ३५ जण मृत्यु पावले होते. आरंभीं हटलेला जंतु पुनः उठला होता व आतां तो औषधास भीत नव्हता.

हें कां झालें, याचा उलगडा त्याच औषधाला प्रयोगाचें हत्यार करून झाला. जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानें १९५२ मध्यें एक साधी युक्ति योजिली. जंतूंच्या वसाहती वाढलेल्या ताटलीवर त्यांनीं मखमलीचा तुकडा दाबला व त्याचे ठसे दुसऱ्या ताटल्यांवर उमटविले. स्ट्रेप्टोमायसीन घातलेल्या ताटलींत कोणत्या जागची वसाहत तगते तें पाहून मूळ ताटलींतील, औषधाचें दर्शनही न झालेली, तीच वसाहत त्यांनीं शोधून काढली. आणि तीही औषधास दाद न देणारीच निघाली! म्हणजे औषध पाहून जंतु शिकत नाहींत. लाखोंमध्यें कांहीं मूळचेच चिवट असतात. औषध बाकीच्यांस मारतें आणि त्यांस रान मोकळें करून देतें. म्हणून एका औषधानें क्षय बरा होत नाहीं. दोन-तीन निरनिराळीं औषधें एकदम दिलीं, तर एकास चुकविणारा जंतु दुसऱ्याच्या तावडींत सांपडतो. पॅस व १९५२ मध्यें आलेलें आयसोनायझिड यांची जोड मिळाली तेव्हां कोठें क्षय खऱ्या अर्थानें बरा होऊं लागला. मद्रास येथें १९५६ मध्यें सुरू झालेल्या परीक्षेनें तर हेंही दाखविलें कीं, औषधें नियमानें घेतल्यास आपल्या साध्या घरीं राहूनही रोगी आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो.

स्ट्रेप्टोमायसीन जंतूस मारतें तें कसें, या प्रश्नानें जीवशास्त्राचें आणखी एक दालन उघडलें. प्रत्येक पेशींत प्रथिनें विणणारा रायबोसोम नांवाचा माग असतो. हें औषध त्या मागाच्या आरएनए नामक सुतास चिकटतें. त्याच्या नत्रयुक्त गटांवरील धन विद्युत् व सुतावरील ऋण विद्युत् यांची ओढ त्यास साहाय्य करते. मग माग नमुना चुकीचा वाचूं लागतो व भलतींच प्रथिनें बाहेर पडतात. औषध नेमकें कोठें बसतें याचें चित्र २००० सालीं वेंकटरमण रामकृष्णन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढलें. रामकृष्णन् यांचें शिक्षण गायकवाडांच्या बडोद्यास झालें, व २००९ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता, हें आमच्या वाचकांस स्मरत असेल.

या कुलांतील दुसरें एक द्रव्य, स्ट्रेप्टोझोटोसीन, याचा स्वभाव निराळाच आहे. त्यांत ग्लुकोसामीनच्या पाठीवर एक विषारी गट बसलेला असतो. स्वादुपिंडांतील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी त्यास साखर समजून आंत घेतात आणि मरतात. गोडाच्या वेषांत शत्रु आंत यावा तसा हा प्रकार आहे. याच गुणामुळें प्रयोगशाळांत उंदरांस मधुमेह आणून त्यावरील नवीं औषधें पारखण्यासाठीं त्याचा सर्रास उपयोग होतो. आणि त्याच पेशींच्या कर्करोगावर तें माणसांसही देण्यांत आलें आहे. एकच गुण कोठें रोग निर्माण करतो व कोठें तो निवारतो.

आतां बोरघाट चढूं. स्वातंत्र्यानंतर हीं औषधें परदेशांतून आणावीं लागत. तीं येथेंच व्हावींत म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ मध्यें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५५ पासून तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें, व पुढल्या दशकांत स्ट्रेप्टोमायसीनही. परंतु केवळ परक्यांच्या विद्येचा माल काढणें एवढ्यावर तेथील संशोधकांनीं समाधान मानलें नाहीं. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी पिंपरीची मातीच तपासीत बसले. त्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्मजीवास त्यांनीं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असें गांवाचेंच नांव दिलें, आणि त्यापासून १९६१ मध्यें बुरशीजन्य रोगांवरील औषध काढून कंपनीच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘हामायसीन’ म्हटलें. या रेणूंतही एक अमिनो शर्करा आहे. तिचें नांव मायकोसामीन. ती किती महत्त्वाची असते हें हामायसीनच्या अँफोटेरिसीन नामक भावंडावरील प्रयोगांत दिसून आलें आहे. ती शर्करा तेवढी काढून टाकली कीं औषधाची मारकता नाहींशी होते. शास्त्रज्ञांच्या लॅटिन नामावळींत पिंपरीचें नांव गेलें, तें कोणा राजाच्या विजयामुळें नव्हे, तर पायाखालच्या मूठभर मातीमुळें, ही गोष्ट आमच्या मतें महाराष्ट्राच्या इतिहासांत नोंदण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, हा सर्व गतकाळ झाला. क्षय आतां बरा होतो, मग काळजी कसली? तसें असतें तर आम्हांस आनंदच झाला असता. स्ट्रेप्टोमायसीननें कानांस व शरीराच्या तोलास अपाय होतो, सुया टोंचून घ्याव्या लागतात, आणि तिच्याहून सोयीचीं औषधें निघालीं आहेत. त्यामुळें क्षयाच्या नेहमींच्या उपचारांतून ती आतां मागें पडली आहे. परंतु लेडरबर्ग दांपत्याच्या मखमलीनें शिकविलेला धडा मागें पडलेला नाहीं. इ. स. २०१२ च्या आरंभीं मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेल्या पहिल्या व दुसऱ्या फळींतील कोणत्याही औषधास त्यांच्यांतील जंतु दाद देत नव्हते. ते जंतु आकाशांतून पडले नाहींत. अर्धवट सोडलेले उपचार, चुकीचीं औषधें, चुकीच्या मात्रा यांनीं एक-एक पायरी रचली, व त्या पायऱ्यांवरून ते वर चढले. ज्या मुंबईस डोंबिवली-कल्याणचे लोक रोज खच्चून भरलेल्या गाडींतून जातात व जेथून तितकेच खेटून परत येतात, तीच ही मुंबई. क्षयाचा जंतु हवेंतून जातो; तो पहिल्या वर्गाचें तिकीट पाहून थांबत नाहीं.

तेव्हां या हकीकतीचें तात्पर्य आम्हांस दुहेरी दिसतें. लेडरहोजच्या स्फटिकांचा उपयोग त्याच्या काळीं कोणास सांगतां आला नाहीं, म्हणून ते कोणीं फेकून दिले नाहींत. तें ज्ञान जपून पुढल्यांच्या हातीं दिलें गेलें, म्हणूनच पुढें त्याचें सार्थक झालें. आपल्या मुलांमुलींनीं एखाद्या निरुपयोगी दिसणाऱ्या पदार्थाचा ध्यास घेतला, तर ‘याचा फायदा काय?’ हा प्रश्न वडील माणसांनीं थोडा उशिरा विचारावा. दुसरें असें कीं, ज्ञान मिळविण्यास जो धीर लागतो तोच तें वापरण्यासही लागतो. आनंदीबाईंपुढें औषधच नव्हतें. आज तें घरोघर पोंचविण्याची सोय आहे, क्षयाचे उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि तरीही खोकला थांबला, वजन वाढलें, म्हणजे दोन महिन्यांत गोळ्या बंद करणारीं माणसें सुशिक्षित घरांतही आढळतात. सहा महिन्यांचा उपचार सहा महिनेच घेणें यांत पराक्रम कांहीं नाहीं. परंतु ज्या गोळ्यांची त्या कल्याणकर मुलीस कल्पनाही करतां आली नाहीं, त्या हातांत असतां अर्ध्यावर टाकून देणें हें मात्र आम्हांस साधें आळसाचें लक्षण वाटत नाहीं.